पीएफ कापतो सातला, भरतो पंचवीसला. मालकांना कसं पटवू?

हिशोबवाली_भोसरी

भोसरी एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघते. माझ्यासकट 22 माणसं, सगळ्यांचा पीएफ 15,000 पगार धरून. माणशी 1,800 पगारातून जातात, मालकांचे विमा आणि अ‍ॅडमिन चार्ज धरून 1,950. महिन्याचं चलन, म्हणजे भरायची एकूण रक्कम, 82,500. कापायचं सातला पगाराबरोबर, भरायची शेवटची तारीख पंधरा. पण "पार्टीचं पेमेंट आलं की भरू" करत पंचवीस उजाडते, आणि आत्ता तर दोन महिन्यांचं राहिलंय.

परवा सीएनसी मशीनवरचे एक दादा टेबलाशी आले. बोटाला कूलंट, त्याच बोटाने मोबाईल पुसतायत, त्यामुळे स्क्रीन आणखीच बरबटलेली. पीएफचं पासबुक उघडलेलं. "मॅडम, स्लिपवर 1,800 कापलेत, मग इथे का नाहीत?" मी म्हणाले, सर्व्हर डाऊन असेल. (तो असतोही, पण दोन महिने नाही.) त्या रात्री जेवण गेलं नाही.

मालक वाईट नाहीत हो. लॉकडाऊनमध्ये एकाचाही पगार अडवला नव्हता. पण पीएफचं काढलं की म्हणतात, "व्याज भरू की, कुठे पळून चाललोय." ईएसआय (कामगार विमा), पीटी (व्यवसाय कर) वेळेवर जातं. माझा पगार 23,500, माझेही 1,800 आणि 200 दर महिन्याला कापतात. त्यांना काय सांगू? आणि उद्या काही झालं तर मी अडकते का?

लेथ_ते_व्हीएमसी

ताई, हेच वाक्य मी माझ्या अकाउंटंटला ऐकवलंय, त्यामुळे मालकांची बाजू कळते. चाकणला छोटं युनिट आहे माझं.

व्याज वर्षाला 12 टक्के. त्यावर दंड, तो जून 2024 पासून महिन्याला 1 टक्का. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला 24. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट कर्ज) यापेक्षा बरी.

पण मला खरा दणका बसला इन्कम टॅक्समध्ये. कामगारांकडून कापलेला हिस्सा पंधरा तारखेनंतर भरला तर तो खर्चात धरायचा नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2022 मध्ये दिला. आमची 2022-23 ची सात चलनं लेट होती, एक तर फक्त दोन दिवस. सगळा हिस्सा उत्पन्नात मिळवला आणि फर्मला 30 टक्के लागले. पैसे पीएफलाही भरले, वर त्यावर टॅक्सही भरला! 2025-26 पर्यंतच्या लेट चलनांसाठी तुमच्या आकड्यांवर करून बघा: 22 जणांचे 39,600, त्यावर 11,880, सेस वेगळा. एका महिन्याचे. सीएने कागदावर लिहून दाखवलं तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. आता पगार आणि चलन एकाच दिवशी, कमी पडलं तर माझी उचल थांबते.

पेन्शनर_निगडी

तीस वर्षं कारखान्यांची पीएफची कामं केली म्हणून लिहितो. मालकाचा हिस्सा राहिला तर ती थकबाकी. पण कापून घेतलेले पैसे कामगाराचे. ते न भरणं म्हणजे विश्वासघात, फौजदारी गुन्हा. बरेच मालक या दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकतात.

जबाबदारी मालकावर आणि कारभार ज्याच्या हातात त्याच्यावर. नुसतं अकाउंट्स बघणारीपर्यंत सहसा येत नाही. तरी दहा तारखेला चलनाची रक्कम त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत जा. तोंडी सांगितलेलं नंतर कोणालाच आठवत नाही. आणि ते सर्व्हरचं पुन्हा सांगू नका, कामगार तुम्हालाच खोटं धरतील.

पगारपत्रक_कोथरूड

जरा विषयांतर. ताई, तुमचे 200 पीटीचेच ना? महाराष्ट्रात एप्रिल 2023 पासून 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना पीटी माफ आहे. तुमचे कापायलाच नकोत.

हिशोबवाली_भोसरी

अगं बाई! स्लिपा मीच बनवते. जुनी एक्सेल दर महिन्याला कॉपी करते आणि नावं तपासते, बास. पॅकिंगच्या दोघींचेही कापलेत. फेब्रुवारीचे 300 धरून एकेकीचे वर्षाला 2,500.

11,880 चा आकडा मोठ्या अक्षरात प्रिंट काढलाय, पण उद्या केबिनमध्ये गेल्यावर आधी माझीच चूक सांगावी लागणार. दादांना आज खरं काय ते सांगितलं. "अंदाज होताच," म्हणाले.

आधीच भरून झालेला पीटी परत मिळवलाय का कोणी? अर्ज कंपनीने करायचा की आम्ही तिघींनी?