टेस्ट लिनक्सवर पास, विंडोजवर फेल: काय करावं?

पानजाळी: तालुक्यातल्या वाचनालयांसाठी पुस्तकनोंदीचं सॉफ्टवेअर करतोय. भाषा पायथन, टेस्टसाठी पायटेस्ट, डेटाबेस एसक्यूलाइट. आम्ही दोघंही उबंटू लिनक्सवर, वाचनालयांत मात्र सगळीकडे विंडोज. घरच्या जुन्या विंडोज लॅपटॉपवर टेस्ट चालवल्या तर निम्म्या लाल. मराठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली तक्त्याची फाइल) वाचताना युनिकोडडिकोडएरर, म्हणजे अक्षरं उलगडत नाहीत; तात्पुरत्या फायली पुसताना परमिशनएरर, म्हणजे परवानगी नाही. खर्च शून्य धरून सांगा.

सह्यवारा: सेकंडहँड मॅक मिनी घ्या. मी घेतलाय, व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स, विंडोज दोन्ही मस्त चालतं.

नीराकाठ: अहो, खर्च शून्य म्हणतायत ते! डॉकर वापरा, प्रोग्राम लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालतो. टेस्ट सगळीकडे सारख्याच चालतील.

कोरडवाहू: त्या कंटेनरमध्ये लिनक्सच असणार ना? मग विंडोजचं दुखणं दिसणार कसं? फाइल उघडणाऱ्या ओपनला एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) दिलं नाही की विंडोजवर पायथन तिथलं कोडपेज, म्हणजे विंडोजची ठरलेली अक्षरांची यादी, धरतो. बहुतेक मशीनवर ते सीपी१२५२, त्यात देवनागरी नाहीच. प्रत्येक ठिकाणी यूटीएफ-८ लिहा, त्यात देवनागरी बसते. सीएसव्ही एक्सेलमधून येत असेल तर यूटीएफ-८-सिग, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाला बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण, चिकटतो.
परमिशनएररचं कारण वेगळं. उघडी फाइल लिनक्स पुसू देतं, विंडोज सहसा देत नाही. आणि एसक्यूलाइटचं कनेक्शन पायथनच्या नुसत्या विथ ब्लॉकने बंद होत नाही, क्लोज स्वतः करावं लागतं. आमचा एक आठवडा यातच गेला.

बखरवाला: गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) ऑटोसीआरएलएफ ट्रू करा. ओळीच्या शेवटाची खूण विंडोज आणि लिनक्सवर वेगळी असते, ती कटकट संपते.

कोरडवाहू: ते सेटिंग प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं राहतं. रेपोतच, म्हणजे गिटमधल्या प्रकल्पाच्या फोल्डरातच, हे नियम सांगणारी गिटॲट्रिब्यूट्स फाइल ठेवा.

बखरवाला: आमच्या टीममध्ये ट्रूवरच चाललंय, कुणाचं काही अडलं नाही.

माणदेशी_टेक्सासात: कुणी बोललं नाही म्हणून. फोल्डरमधल्या फायलींच्या क्रमावर टेस्ट बेतू नका. विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमवर नावं अकारविल्हे मिळतात, लिनक्सच्या ईएक्सटी४वर कशीही. आधी सॉर्ट करा. ‘दऱ्याखोऱ्या’सारखी नावं असतील तर तुलनेआधी एनएफसी करून घ्या, म्हणजे प्रत्येक अक्षराचं एकच जोडलेलं रूप राहतं. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिमवर ‘ऱ’चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे होतात.

नीराकाठ: म्हणूनच डॉकर म्हणत होतो.

सह्यवारा: रेपो सार्वजनिक असेल तर गिटहब ॲक्शन्सवर (गिटहबच्या मशीनवर टेस्ट आपोआप चालवणारी सोय) लिनक्स, विंडोज, मॅक तिन्ही सिस्टिम फुकट मिळतात. तरी मॅक जवळ हवाच.

पानजाळी: एन्कोडिंग आणि क्लोज केलं, लाल टेस्ट बोटावर मोजण्याइतक्या उरल्या. कोरडवाहू, मनापासून आभार. रेपो सार्वजनिक करता येणार नाही. आम्ही ठरवलंय की रोजचं कामच त्या विंडोज लॅपटॉपवर हलवायचं. लिनक्सवर टेस्ट बंद.

कोरडवाहू: लिनक्स सोडू नका हो. फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉलची चूक विंडोज चालवून घेतं, ती तिथेच पकडली जाते.

पानजाळी: ती चूक वाचनालयांत कुणाला अडवणार नाही. ग्रंथपाल बाई ज्या मशीनवर नोंदी करतात, तिथे टेस्ट पास व्हायला हवी. विंडोजच.