प्रति: पैसा नाही तर वारसा नाही?
'पालिकेने पैसे ओतल्याशिवाय जुन्या इमारतींचं काही होत नाही' हे या चर्चेतलं एकाचं मत अर्धंच पटलं. गळक्या छताला पैसा लागतोच. पण मुंबईत फोर्टमधल्या डी. एन. (दादाभाई नौरोजी) रोडवर सुरुवात झाली ती दुकानांच्या पाट्यांपासून. दगडी कमानी, नक्षी सगळं भल्यामोठ्या चकचकीत फलकांमागे गडप झालं होतं. दुकानदारांना समजावून पाट्या कमानीच्या आत, मापात बसवल्या. दुकानदार आणि पाटी लहान करणार? पण केली! २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या कामाचा सन्माननीय उल्लेखही झाला.

पागडीच्या, म्हणजे भाडेकरूने सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर राहायच्या इमारतींचं रडगाणं मात्र वेगळं. भाडं इतकं किरकोळ, की मालक जिन्याच्या कठड्यालाही हात लावत नाही.