मदत हवी आहे: कोआटीचा नर एकटा राहतो की टोळीत?

नमस्कार. कोआटी या प्राण्याविषयी मराठीत एक दीर्घ लेख लिहीत आहे. रॅकूनच्या कुळातला, लांब आणि लवचिक नाकाचा हा प्राणी दिवसा पालापाचोळा उकरत किडे व फळे शोधतो, मागचे घोटे उलटे फिरवून झाडावरून डोके खाली करून उतरतो, इथवर लिहून झाले आहे. अडले आहे ते नराच्या राहणीपाशी.

बहुतेक ठिकाणी असे वाचायला मिळते की माद्या आणि पिले टोळीने राहतात, तर साधारण दोन वर्षांचा झालेला नर बाहेर पडून एकटा हिंडू लागतो आणि पुढे केवळ मीलनकाळात काही आठवडे त्याला टोळीत थारा मिळतो. हा एकलकोंडेपणा इतका ठळक की पूर्वी काही अभ्यासकांनी एकट्या नराला निराळी जातच मानले होते. 'कोआटीमुंडी' हे नावही मुळात अशा एकट्याचेच. जॉन कॉफमन यांनी पनामातील बारो कोलोराडो बेटावर केलेला अभ्यास १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच चित्र आहे. मात्र अर्जेंटिनातील इग्वासू धबधब्याच्या परिसरात प्रौढ नर वर्षातला बराच काळ टोळीबरोबर असतो, असेही वाचनात आले. यातले काय ग्राह्य धरावे? आणि माद्या नराला हाकलतात ते नेमके कशासाठी?

प्रतिसाद

दोन्ही वर्णने ग्राह्य धरावीत, कारण ती दोन वेगळ्या जातींची आहेत. पनामातला पांढऱ्या नाकाचा कोआटी उत्तरेस अ‍ॅरिझोनापर्यंत आढळतो. इग्वासूचा तो दक्षिण अमेरिकी, वलयांकित शेपटीचा. आपण 'कोआटीचा नर' असे एकच विधान करू पाहता, अडचण तिथे आहे. जात आणि ठिकाण यांचा उल्लेख केल्यास विरोध उरणार नाही.

हाकलण्यामागे पिलांची सुरक्षितता हे कारण सांगितले जाते, आणि ते मला पटते, कारण प्रौढ नरांनी पिले मारल्याच्या नोंदी आहेत. मादी टोळी सोडून झाडावर घरटे करते, सुमारे ७७ दिवसांच्या गर्भारपणानंतर तिथे विते आणि पाच-सहा आठवड्यांनी पिलांना घेऊन परतते. त्या वयाच्या पिलांजवळ थोराड नर नको, हे समजण्यासारखे आहे. अर्थात धोका नराचाच असतो असे नाही. कोस्टा रिकात कपुचिन माकडे घरट्यातली पिले पळवून खातात. अन्नासाठीची स्पर्धा हेही कारण दिले जाते, कारण नर आकाराने मोठा असून फळांच्या झाडाखाली तो माद्यांना सहज मागे सारू शकतो.

छायाचित्रांवरून निष्कर्ष काढताना मात्र जपावे. टोळीत दिसणारा नर अनेकदा अजून बाहेर न पडलेला तरुणच असतो.

मूळ प्रश्नकर्ती

आभारी आहे. जातीनिहाय दोन परिच्छेद करते. माझ्या संग्रहातल्या एका छायाचित्रात माद्यांपेक्षा किंचितच मोठा नर दिसतो; त्याचे वय सुळ्यांवरून ठरवता येईल का?