पैसे मोजून अनोळखी माणसांसोबत जेवणे: पंगतीचे पुनरागमन की नुसती हौस?

मेतकूट (धागाकर्ती):
मुंबई-पुण्यात कुणाच्या तरी घरी, आगाऊ पैसे भरून, अनोळखी माणसांसोबत एकत्र जेवण्याचा प्रकार वाढतो आहे आणि त्याला नाके मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुंबईतील 'द बोहरी किचन'ने दाऊदी बोहरा घरातला थाळ बाहेरच्यांसाठी खुला केला, तेव्हा त्या समाजाच्या घरात एरवी पाऊल ठेवण्याचा योग ज्यांना कधी आला नसता, अशी माणसेही त्याभोवती येऊन बसली. मोठ्या थाळाभोवती सात-आठ जण, आरंभी जिभेवर मिठाची चिमूट, मग गोड आणि तिखटमिठाचे पदार्थ आलटूनपालटून. सगळ्यांचे हात एकाच थाळात असताना मोबाइल काढणेही अवघड होते. पार्सलचा डबा उघडून एकट्याने जेवणाऱ्या शहरी माणसाला याची ओढ वाटली तर नवल ते काय?

उंबरठा:
ज्याला हे दर परवडतात आणि ज्याच्या इन्स्टाग्रामवर ही जाहिरात झळकते, तोच तिथे पोहोचतो. म्हणजे ही मंडळी एकमेकांना नावाने अनोळखी असली, तरी पगार, शिक्षण आणि वस्ती पाहता एकाच गावची असतात. अमृतसरच्या सुवर्णमंदिरातील लंगरमध्ये पैसे न घेता, धर्म-जात न विचारता सगळ्यांना एका रांगेत जमिनीवर बसवतात, आणि आत्ताच जेवून उठलेला माणूस भांडी घासायलाही बसू शकतो. तुमच्या या जेवणानंतर भांडी कोण घासते, हेही एकदा विचारून पाहा.

खडीसाखर:
दोघांचेही थोडे चुकते आहे. शीर्षकात 'पंगतीचे पुनरागमन' म्हटले आहे, पण पानाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर ठरल्या जागी वाढणारी आपली पंगत माणसेही ठरल्या जागीच बसवत असे. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य (जातिबहिष्काराची कारवाई) आले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि पुढे रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतले. एका कपाची ही कथा, तर जेवणाची काय असेल! ती पंगत परत येऊच नये.

मेतकूट:
मग माझीच बाजू बळकट झाली. तेव्हा आमंत्रण जात पाहून येत असे, आता ते पैशाने मिळते. पैसा ही वाईट चाळणी आहे हे मान्य, पण पैसा मिळवता येतो, जात बदलता येत नाही.

उंबरठा:
घाई करू नका. माझ्या पाहण्यातील एका यजमानांच्या नोंदणी अर्जात पूर्ण नाव, राहण्याचा भाग आणि व्यवसाय विचारला होता, आणि खाली लिहिले होते की पाहुण्यांची निवड यजमान करतील. महाराष्ट्रात आडनाव समजल्यावर आणखी काय समजायचे राहते?

मेतकूट:
रात्री स्वतःच्या घरात परक्यांना घेणाऱ्या बाईने येणाऱ्याची माहिती विचारू नये, असे म्हणणे फार सोपे आहे. तिची काळजी खोटी नाही.

उंबरठा:
काळजी खरी आहेच. त्यासाठी ओळखपत्र दारात पाहावे आणि पैसे भरणाऱ्याचा मोबाइल क्रमांक आधी पडताळावा. निवड मात्र आडनाव न पाहता, ज्या क्रमाने नोंदणी झाली त्याच क्रमाने करावी. असे करणारे यजमान तुमच्या माहितीत असतील तर इथे सांगा, पुढच्या जेवणाचे पैसे मी भरतो.