'मारिशा' (1935): खरा दोषी कोण, वाव्रा की लीझल?

सातबारा:
योसेफ रोवेन्स्कीचा हा झेक चित्रपट परत पाहिला. मूळ नाटक मर्श्टीक बंधूंचं, 1894 चं. मोरावियातला (झेक देशाचा पूर्वेकडचा भाग) सधन शेतकरी लीझल पोरीचं, मारिशाचं लग्न वाव्राशी लावून देतो. वाव्रा विधुर, पोराबाळांचा, पिठाच्या गिरणीचा मालक. तिचा जीव गरीब फ्रांतसेकवर, पण तो पलटणीत गेलेला. शेवटी ती नवऱ्याच्या कॉफीत विष कालवते. वाव्रा बायकोला मारतो म्हणून सगळे त्याला शिव्या घालतात, मला मात्र लीझल जास्त सलतो. हुंडा बोलून बसला आणि लग्न लागल्यावर हात आखडला. वाव्राने ठरलेलेच पैसे मागितले ना?

जुनी रीळ:
शेवट सांगून मोकळे झालात! असो, नव्वद वर्षं झाली म्हणा.
पण ही कसली वकिली? पैसे सासऱ्याने अडकवले आणि मार बायकोने खायचा? वसुलीला कोर्ट होतं की.

सातबारा:
मारहाणीचं समर्थन कुठे केलं? व्यवहारात पहिली लबाडी कोणाची, एवढंच विचारतोय.

माळावरची:
तुम्ही दोघं हिशेबच करत बसा. आईला सोडलंत की! लग्नासाठी पोरीमागे लागण्यात लीझलची बायको तसूभर मागे नाही. उलट नाटकात बाप नंतर पस्तावतो, घरी चल म्हणतो, आणि मारिशा नाही म्हणते. तो नकार मला विषापेक्षा जहाल वाटतो. विकल्यावर परत न्यायला आलेल्या बापाबरोबर कशाला जाईल ती?

जुनी रीळ:
हे पटलं. यिर्झिना श्टेपनिचकोव्हाने मारिशा केलीय, तेव्हा जेमतेम तेविशीची. (पुढे 1951 मध्ये देश सोडताना पकडली गेली, कम्युनिस्ट राजवटीत कित्येक वर्षं तुरुंगात होती.) पण दिग्दर्शकाला त्या भरतकामाच्या पोशाखांचा फार सोस. कथा गळा आवळत असते आणि हा झालरी दाखवतो.

सातबारा:
झालरी हव्यातच. तो थाट दिसल्याशिवाय लीझलला गावात कशाची मिजास होती ते कळणार कसं? आणि फ्रांतसेकचं काय? पलटणीतून परतल्यावर लग्न झालेल्या बाईच्या दारात घिरट्या घालतो, तो काय धुतल्या तांदळासारखा?

माळावरची:
घ्या! हुंडा बापाने बुडवला, फ्रांतसेकवर बंदूक वाव्राने उचलली, आणि दोष आता फ्रांतसेकचा.