घरातून कॉलेजात जाणारे पहिलेच : तयारीचे अनुभव

ज्यांच्या घरात आजवर कोणी बारावीच्या पुढे गेलेले नाही, अशा मुलामुलींना कॉलेजच्या तयारीत आपण काय मदत केली, किंवा आपल्याला ती कशी मिळाली, हे येथे लिहावे, अशी विनंती आहे. कोणत्या महिन्यात काय केले आणि कुठे अडले, हे तपशिलाने आले तर अधिक बरे. सुरुवात मी करते.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, तालुक्याचे गाव

माझ्या एका विद्यार्थिनीला सीईटीत उत्तम पर्सेंटाइल मिळाले होते, परंतु जात पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत न आल्यामुळे तिची राखीव जागा गेली. ती घरी आली, रडली नाही, फक्त "मॅडम, हे आधी कुणी सांगितलं नाही," एवढेच म्हणाली. ते वाक्य मला विसरता आलेले नाही. तेव्हापासून अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच मी मुलांना आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्याचा, म्हणजे शाळा सोडल्याच्या नोंदीचा, शोध घ्यायला लावते. जातीचा पुरावा अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा असला तर काम सोपे होते. पण ज्यांना शाळेची पायरीच चढू दिली नाही, त्यांच्या नातवंडांकडे शाळेचा कागद मागितला जातो, याचे मला दर वर्षी वाईट वाटते. अशा वेळी आम्ही तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ते पाहतो. काही नोंदी मोडी लिपीत असतात. त्या वाचून देणारा जाणकार आधी गाठून ठेवावा लागतो. वंशावळ लिहायला घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे, कारण आत्याचे आणि चुलत्यांचे दाखलेही कामी येतात.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, तिसरे वर्ष

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी) मी पहिल्या क्रमांकावर घराजवळचे कॉलेज टाकले होते, कारण बसचा पास परवडणारा होता. पहिल्याच फेरीत ते मिळाले आणि पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद होतात, हे मला त्यानंतर कळले. माझ्या गुणांवर अधिक चांगली जागा मिळाली असती. आता गावातल्या मुलांना मी आधी कागदावर यादी लिहायला लावतो आणि "हे मिळाले तर तू खरोखर जाशील का?" असे प्रत्येक ओळीवर विचारतो.

निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

शिष्यवृत्ती मंजूर होते, परंतु पैसे हप्त्याने आणि उशिरा येतात. मेसचे पैसे मात्र पहिल्या महिन्यातच भरावे लागतात. पुष्कळ मुले याच फटीत घरी परततात, अभ्यासामुळे नव्हे. आम्ही चार मित्र थोडी रक्कम बाजूला ठेवून ती बिनव्याजी उसनी देतो. दुसरी गोष्ट, खाते आधारशी जोडलेले असणे आणि सरकारी रक्कम त्याच खात्यात जमा होणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत. एका मुलाचे पैसे त्याच्या आईने पूर्वी उघडून दिलेल्या, घरचे सगळे विसरून गेलेल्या खात्यात जात होते. म्हणून महाडीबीटीचा, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा, अर्ज भरण्यापूर्वी बँकेत जाऊन हे विचारून घ्यावे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राहण्याजेवणाचा खर्च देणारी स्वाधार योजना आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आश्रमशाळेत शिकलेली, आता नर्सिंगला

दहावीपर्यंत माझे सगळे विज्ञान मराठीत झाले होते. अकरावीत सर व्हेलॉसिटी म्हणायचे आणि मला वाटायचे, हे काहीतरी नवीन आहे. तो माझ्या ओळखीचा 'वेग' आहे, हे पहिली घटक चाचणी गेल्यावर कळले. चाल, त्वरण, संवेग हे सगळे मला येत होते, फक्त नाव ओळखता येत नव्हते. प्रयोगशाळेतल्या एका ताईंनी मला वहीचे पान मधून दुमडून एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी शब्द लिहायला शिकवले. त्याच ताई माझ्या वडिलांना वसतिगृह दाखवायला घेऊन गेल्या. वडील गृहपाल बाईंशी बोलले, स्वयंपाकघर आणि फाटक पाहून आले, आणि मगच पेटी बांधली गेली. ती वही सध्या माझ्या मामेबहिणीकडे आहे.

अंगणवाडी सेविका

माझ्या वस्तीतील एका मुलीचे वडील "फी कुठून आणू?" म्हणून अडून बसले होते. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मी त्याची छापील प्रत नेऊन मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते स्वतः तलाठ्याकडे गेले.