टाइम्स स्क्वेअरमधला पुतळा आणि घोड्यांच्या शर्यतीचं नाटक

नाट्यवेडी (एडिसन, न्यू जर्सी)
गेल्या शनिवारी आईबाबांना न्यूयॉर्क दाखवायला नेलं. टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांजवळ नाटककार-नट जॉर्ज एम. कोहानचा पुतळा आहे, खाली चौथऱ्यावर कोरलंय 'गिव्ह माय रिगार्ड्स टू ब्रॉडवे', म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांच्या वस्तीला, ब्रॉडवेला, माझा नमस्कार सांगा. बाबा अजून सकाळी नाट्यपदं म्हणतात. त्यांनी विचारलं, "हे पद कुठल्या नाटकातलं?" शोधलं तर 'लिटल जॉनी जोन्स', 1904, नायक जॉकी! जॉकीच्या नाटकात ब्रॉडवेला निरोप कशाला? कुणी नीट सांगेल का?

मोतद्दाराचा नातू
ताई, माझा फार जिवाचा विषय काढलात. माझे आजोबा पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, होते. घोड्यांची नाटकं-सिनेमे मी त्यांच्यामुळे शोधत गेलो, त्यात हे सापडलं.

जॉनी जोन्स हा अमेरिकन जॉकी. 'यँकी डूडल' नावाच्या घोड्यावर डर्बी ही तिथली मोठी शर्यत मारायला इंग्लंडला येतो. अँस्टी नावाचा जुगारी त्याला शर्यत हरण्यासाठी पैसे देऊ करतो, जॉनी नकार देतो. पण शर्यत हरतोच. मग अँस्टी उठवतो की यानं पैसे खाऊन घोडा खेचला, म्हणजे मुद्दाम मागे ठेवला. रेसकोर्सवर याहून वाईट आळ नाही. आजोबा एखाद्या जॉकीबद्दल 'त्यानं घोडा खेचला' हे चारचौघांत कधी बोलत नसत, घरीसुद्धा आवाज खाली यायचा.

आता तुमचं पद. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन बंदराचा धक्का, अमेरिकेला जाणारी बोट सुटतेय. लोक जॉनीची हुर्यो उडवतात. नाव धुऊन निघेपर्यंत परत जायचं नाही म्हणून तो मागे राहतो आणि निघालेल्यांच्या हाती आपल्या गावाला नमस्कार पाठवतो. हे पद म्हणजे घरी जाता न येणाऱ्या माणसाचा निरोप आहे, ब्रॉडवेचं कौतुक नंतर! बोटीवर एक गुप्तहेर पुरावा शोधतोय. ठरलंय असं, की पुरावा मिळाला तर बोटीवरून दारूकामाचा बाण सोडायचा. रंगमंच अंधारा, दूरवर बोटीचे दिवे सरकताहेत आणि एकदम आकाशात बाण! मग जॉनी जो नाचतो, तो नाच.

प्रेमकथाही आहे. गोल्डी गेट्स ही त्याची प्रेयसी वेषांतरं करते, एकदा तर पुरुषाचं, अर्लचं म्हणजे इंग्रज उमरावाचं सोंग घेते. तिसऱ्या अंकात अँस्टी तिला सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये पळवून नेतो. हा अंक मला आवडत नाही. चिनी माणसं त्या काळच्या पूर्वग्रहानं रंगवली आहेत, आज वाचताना त्रास होतो.

जॉनी सुचला टॉड स्लोन या खऱ्या जॉकीवरून. 1897 मध्ये तो इंग्लंडला गेला तेव्हा तिथले जॉकी ताठ बसून दौडत. हा रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवा व्हायचा. लोक आधी हसले, मग तो जिंकू लागल्यावर सगळे तसेच बसू लागले. आजोबा नव्या पोरांना हेच ओरडून सांगायचे, "रिकीब आखूड, अंग पुढं!" स्लोनचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. पुढे सट्ट्याच्या आरोपांवरून 1901 पासून इंग्लंडच्या जॉकी क्लबनं त्याला परवाना दिला नाही. नाटकातल्या जॉनीसाठी बाण सुटतो, स्लोनसाठी कधीच सुटला नाही. मला ते फार लागतं.

पिटातला प्रेक्षक
थोडी भर. लेखन, गाणी, चाली आणि नायकाची भूमिका, सगळं 26 वर्षांच्या कोहानचं. गोल्डी झाली त्याची बायको एथेल लेव्ही, आणि खलनायक अँस्टी झाले त्याचे सख्खे वडील, जेरी कोहान! न्यूयॉर्कला पहिल्या खेपेला 52 प्रयोगच झाले. मग दौऱ्यावर नेऊन, डागडुजी करून 1905 मध्ये परत आणलं. 1982 मध्ये ब्रॉडवेवर पुन्हा उभं केलं, ते एका रात्रीत उतरलं. बाबांना 1942 चा 'यँकी डूडल डँडी' हा सिनेमा दाखवा. त्यात जेम्स कॅग्नी कोहान झालाय आणि धक्क्याचा प्रवेश बाणासकट आहे.

नाट्यवेडी (एडिसन, न्यू जर्सी)
दोघांचे मनापासून आभार! काल रात्री पाहिला. बाण सुटला तेव्हा बाबा खुर्चीतून पुढे सरकले आणि म्हणाले, "वन्समोर!" तेवढा भाग तीनदा लावला.

नातूदादा, तुमच्या आजोबांबद्दल वेगळा धागा काढा ना. बाबा विचारताहेत.